उजव्या विचाराच्या उमेदवाराचं पत्रक कसं वाचायचं, आणि त्याला नेमकं काय विचारायचं

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: लोकसभेला इच्छुक असलेल्या एका उजव्या विचाराच्या उमेदवाराचं आठ पानी पत्रक तुमच्या करवीरमधल्या गावात वाटलं गेलं. त्यात समान नागरी कायदा, एक देश एक निवडणूक, घुसखोरी, गोवंश, जीएसटी कमी करणार, शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य, संस्कृतीचं रक्षण असं सगळं आहे. तुझा कल त्याच बाजूला आहे, पण यातलं त्याच्या हातात किती आणि समोर आला तर विचारायचं काय, ते कळत नाही. मी आधी पेपरात होतो आणि नंतर बरीच वर्षं उमेदवारांना मुद्द्यांच्या नोट काढून द्यायचं काम केलंय, दोन्ही बाजूंच्या, त्यामुळं असलं पत्रक कसं तयार होतं ते जवळनं बघितलंय. कुणाला मत दे ते सांगणार नाही, ते तुझं तू बघ.

पहिली गोष्ट, असल्या पत्रकातला बराचसा मजकूर पक्षाच्या जाहीरनाम्यातनं उचललेला असतोय. त्यात वाईट काही नाही, पक्ष म्हटल्यावर तसंच असणार. पण मग त्या मजकुरावरनं उमेदवार कळत नाही, पक्ष कळतोय, आणि पक्ष काय म्हणतोय ते तुला टीव्हीवरनं आधीच माहिती आहे. उमेदवार कळतो तो त्याचा विचार आणि आपल्या जिल्ह्याचा खिसा एकमेकाला जिथं आडवे येतात तिथं. कोल्हापुरात अशा जागा भरपूर आहेत, आणि माझं सगळं उत्तर त्याच्याभोवतीच आहे.

त्याआधी खासदाराच्या हातात काय असतं ते बघ. १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं, तेव्हापासून पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा हुकूम, काढला की त्याच्या विरोधात मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. म्हणजे मोठ्या विधेयकावर तुझा उमेदवार काय विचार करतो याला मतदानाच्या दिवशी फारसा अर्थ उरत नाही. खाजगी विधेयक मांडतो म्हणाला तर जरूर मांडू दे, शुक्रवारी दुपारी त्यासाठी वेळ असतोय, पण स्वातंत्र्यापासून आजवर अशी १४ च विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० ला. मग उरतं काय? तारांकित-अतारांकित प्रश्न, शून्य प्रहर, नियम ३७७ खालचं निवेदन, स्थायी समित्या, आणि मंत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन भांडायची ताकद. हे शेवटचं कुठं नोंदलं जात नाही, पण साखरेचे अर्धे निर्णय तिथंच हलतात.

आता एकेक मुद्दा घेऊ. काहींवर जास्त बोलणार आहे, काहींवर कमी.

समान नागरी कायदा. घटनेच्या कलम ४४ मध्ये आहे, मार्गदर्शक तत्त्व म्हणून. लग्न, घटस्फोट, वारसा हे विषय समवर्ती सूचीत येतात म्हणजे केंद्र पण कायदा करू शकतंय आणि राज्य पण. उत्तराखंडनं केला, २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि त्यात अनुसूचित जमातींना वगळलंय, लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केलीय. गोव्यात तर पोर्तुगीजांच्या १८६७ च्या संहितेपासूनची पद्धत चालू आहे, तिथं आईबापाला सगळी इस्टेट एकाच पोराच्या नावावर मृत्युपत्रानं करता येत नाही, मुलाबाळांचा राखीव हिस्सा असतोय. सभेत समान नागरी कायदा म्हटलं की टाळ्या पडतात, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसऱ्या धर्माचा माणूस असतोय. तू त्याला तिथं न्यायचंच नाही. तू विचार, की साहेब, हक्कसोडपत्राचं काय करणार?

आपल्याकडं बाप गेला की तेराव्याच्या आत-बाहेर बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायची रीत आहे. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की त्यासाठी बाप २००५ ला जिवंत असायची पण गरज नाही. कायदा कधीच समान झालाय, पण सातबाऱ्यावर बघ बहिणींची नावं किती टिकतात. आता जो माणूस कुटुंबसंस्था, परंपरा, एकत्र कुटुंब याच्या बाजूनं बोलतोय आणि त्याच दमात वारशाचा एकसारखा कायदा पण मागतोय, त्यानं हे दोन्ही कसं जुळवलंय ते ऐकायला मिळालं पाहिजे. एकत्र कुटुंबाच्या नावानं जो वेगळा इन्कम टॅक्स भरता येतो, एचयूएफ म्हणतात तो, तो ठेवायचा का काढायचा? व्यापारी मतदार बसलेत समोर, बघू काय म्हणतो. यातलं कुठलंही उत्तर चालेल. "बहिणीचा हिस्सा दिलाच पाहिजे, मी माझ्या घरात दिलाय" म्हणाला तरी ती भूमिका आहे, "गोव्यासारखा राखीव हिस्सा आणा" म्हणाला तरी आहे. "देश एक तर कायदा एक" एवढ्यावरच परत आला तर समज की त्यानं विषय वाचलेला नाही.

आणि कोल्हापुरात बसून हे बोलताना शाहू महाराजांना टाळून पुढं जाता येत नाही. लग्नाच्या बाबतीत जातीची आडकाठी काढणारा कायदा या संस्थानानं शंभर वर्षांमागं केलाय. म्हणजे सामाजिक बाबतीत राज्यसत्तेनं हात घालावा का नाही या प्रश्नाचं उत्तर या शहरात एकदा देऊन झालंय. उजव्या विचाराचा प्रत्येक उमेदवार दसरा चौकात पुतळ्याला हार घालतोच, त्याला काही हरकत नाही, पण मग आरक्षणावर सरळ विचारायचं. २६ जुलै १९०२ ला महाराजांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासांना राखल्या. आजची ५० टक्क्यांची मर्यादा वेगळी, ती १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली, आणि मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा मे २०२१ मध्ये तिथंच अडकून पडला. आर्थिक दुर्बलांचं १० टक्के मात्र १०३ व्या घटनादुरुस्तीनं आलं आणि नोव्हेंबर २०२२ ला तीन विरुद्ध दोन अशा निकालानं टिकलं. हा विषय पूर्ण दिल्लीचा आहे, मुंबईत कितीही कायदे करा. तेव्हा प्रश्न एकच: मर्यादा उठवायला घटनादुरुस्ती मागणार का? हो किंवा नाही. "समाजाच्या भावना तीव्र आहेत" हे उत्तर नाही.

एक देश एक निवडणूक लवकर उरकतो. कोविंद समितीचा अहवाल मार्च २०२४ चा, १२९ व्या दुरुस्तीचं विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलं, मांडायला बाजूनं २६९ आणि विरोधात १९८ मतं पडली, आणि पुढं ते संयुक्त समितीकडं गेलं. मांडायला साधं बहुमत पुरतं. मंजूर करायला हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश लागतात, त्या दिवशीच्या ४६७ मध्ये ते ३१२ झाले असते. म्हणजे एका पक्षाच्या उमेदवारानं "करून दाखवणार" म्हणायचा विषय नाही हा. पण आपल्या शहरात यावर विचारायला एक झकास जागा आहे. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासकाच्या हातात कारभार होता, नगरसेवक नाही का महापौर नाही. कोविंद समितीनं लोकसभा-विधानसभा झाल्यावर १०० दिवसांत पालिका-पंचायतींच्या निवडणुका घ्या असं सुचवलंय, ते दुसऱ्या टप्प्याचं. मग विचारायचं, एक निवडणूक नंतर घ्या हो, पण आहे ती निवडणूक वेळेवर व्हावी यासाठी तुम्ही एकदा तरी तोंड उघडलं होतं का?

घुसखोरी. नागरिकत्व हा केंद्राचा विषय, त्यामुळं हे पत्रकात असणं बरोबरच आहे. सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायदा, २०१९ चा, नियम मार्च २०२४ मध्ये आले, आणि मुदत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. एवढं तरी त्याला माहिती असावं. आपल्याकडं धोका वेगळा असतोय. इचलकरंजीचे माग आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या युपी-बिहार-ओडिशाच्या पोरांवर चालतात, ती भारताचीच पोरं, पण सभेत "बाहेरचे" म्हणून सगळं एकत्र कालवलं जातंय. सीमा कडक पाहिजे ही भूमिका ठीक आहे, पण माग मालकाच्या समोर बसून तो या दोन्हीत फरक करतो का नाही ते बघायचं.

गोवंशाचं सांगतो. हा विषय मुळात राज्य सूचीतला आहे आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाईसोबत बैल, वळू यांच्या पण कत्तलीला बंदी आहे, म्हैस त्यात नाही. म्हणजे खासदार म्हणून आपल्या राज्यापुरतं नवीन करण्यासारखं त्याच्या हातात जवळजवळ काही नाही. पण परिणामांवर बोलता येतंय की. भाकड जनावर, म्हातारा बैल शेतकऱ्यानं किती दिवस पोसायचा आणि त्याचा वैरणीचा खर्च कुणी द्यायचा? चपलेच्या कातड्याचा पुरवठा आटला अशी कारागिरांची तक्रार तेव्हापासूनच आहे. आणि २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, २०२५ ला इटलीच्या प्राडानं तसलीच सँडल रॅम्पवर आणली तेव्हा यच्चयावत पुढारी कारागिराच्या बाजूनं पेटून उठले होते, सुभाषनगरात जाऊन फोटो काढले. तो कारागीर पण आपल्याच परंपरेतला आहे. गाय पण पाहिजे आणि चप्पल पण पाहिजे, दोन्ही म्हणणं चुकीचं नाही, पण मग गोशाळेला, पांजरपोळाला किती पैसे आणि कातडं कुठनं, एवढं बोलावं.

आता मुख्य विषयाकडं येतो, ऊस. उजव्या अर्थकारणाची खरी परीक्षा या जिल्ह्यात इथंच आहे.

पत्रकात "शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य, सरकारचा हस्तक्षेप कमी" असं लिहिलंय म्हणालास. हा विचार भारतात नवा नाही. १९५९ ला राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला, मिनू मसानी, प्राध्यापक रंगा होते बरोबर, सहकारी शेतीला आणि परमिट राजला विरोध म्हणून, आणि १९६७ ला त्यांचे ४४ खासदार होते. आपल्याकडं शरद जोशींनी तेच शेतकऱ्याच्या भाषेत मांडलं, सरकारनं आमच्या छातीवरनं उठावं एवढंच मागणं. पटो न पटो, तो विचार सरळ होता आणि त्याची किंमत मोजायची तयारी होती. आताच्या उमेदवाराला मी विचारीन ते असं: एफआरपी राहावी का जावी, आणि साखर निर्यात कायमची खुली करावी का, दोन्हीचं उत्तर एकदम द्या.

का एकदम, ते सांगतो. एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, आणि उतारा म्हणजे उसातनं शेकडा किती साखर निघते ते. २०२५-२६ हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. आपल्याकडं १२ टक्के उतारा धरला तर टनाला साधारण ४,१५५ होतात, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. दुसऱ्या बाजूला साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ रुपये केली आणि मग एफआरपी दरवर्षी वाढत असताना ती कित्येक वर्षं तिथंच बसली. वरनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून निर्यात अडवली, ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला बंदी घातली, नंतर थोडी सैल केली, ऑगस्ट २०२४ ला पुढच्या वर्षासाठी उठवली, जानेवारी २०२५ ला १० लाख टन निर्यातीला परवानगी दिली. इथेनॉल करा म्हणून व्याज सवलत देऊन डिस्टिलऱ्या उभ्या करायला लावल्या आणि ऐन हंगामात रस बंद. शहरातल्या ग्राहकाला साखर स्वस्त राहावी म्हणून हे केलं, त्यामागं सरकारचं एक कारण होतं, नाही असं नाही. पण हे बाजाराचं स्वातंत्र्य नक्कीच नाही, आणि करणारं सरकार उजव्याच विचाराचं होतं.

आता जो पक्का बाजारवादी असेल त्याला म्हणावं लागेल की निर्यात खुली करा, इथेनॉलवर बंधन नको आणि एफआरपी पण नको, कारखाना आणि शेतकऱ्यानं उत्पन्न वाटून घ्यावं. रंगराजन समितीनं २०१२ ला जवळजवळ हेच सांगितलं होतं, साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाच्या ७० टक्के शेतकऱ्याला. कोल्हापुरात स्टेजवरनं "एफआरपी काढा" म्हणणारा गडी मी तरी बघितला नाही, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत म्हणून दाखवावं! दुसऱ्या टोकाचा उजवा म्हणेल की गावगाडा, शेतकरी कुटुंब टिकलं पाहिजे, त्यासाठी सरकारनं भाव बांधून द्यावा. ही पण भूमिका आहे, जगभर परंपरावादी पक्ष शेतकऱ्याला असं सांभाळतात. पण मग पत्रकातली "हस्तक्षेप कमी" ही ओळ खोडावी लागेल. बहुतेक उमेदवार दोन्ही एकदम म्हणतात, भाव सरकारनं द्यावा आणि बाजार मोकळा ठेवावा, आणि आपण पण टाळ्या वाजवतो, कारण आपल्याला पण दोन्ही पाहिजेत.

इथं एक गोष्ट त्या सरकारच्या बाजूची पण सांगायला पाहिजे. एफआरपीपेक्षा जास्त दर दिला म्हणून सहकारी कारखान्यांना इन्कम टॅक्सच्या नोटिसा वर्षानुवर्षं होत्या, सगळ्या सरकारांकडं हेलपाटे झाले, आणि ते दुखणं २०२३ च्या बजेटमध्ये निघालं, २०१६-१७ च्या आधीची रक्कम खर्च म्हणून धरायची मुभा मिळाली, जवळजवळ १० हजार कोटींचा दिलासा असं अर्थमंत्री म्हणाल्या. जुलै २०२१ ला सहकार मंत्रालय दिल्लीत वेगळं झालं. सहकार राज्याचा विषय असताना दिल्लीत मंत्रालय कशाला, हा प्रश्न पण उजव्या माणसालाच विचारण्यासारखा आहे, सत्ता खाली असावी म्हणणारा तोच असतोय ना.

जीएसटीचं एका दमात. "जीएसटी कमी करणार" असं कुठल्याही एकट्या खासदाराला म्हणता येत नाही, दर जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतात, तिथं केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच दर उतरले, २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणाला ५ टक्के झाला, ते चपलेच्या धंद्याला बरं झालं. पॅक करून लेबल लावलेल्या गुळाला २०२२ पासून ५ टक्के आहे, त्यावर मार्केट यार्डात विचार. आणि इचलकरंजीत गेला तर इन्कम टॅक्सचा ४३बी(एच) विचार, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्च धरत नाहीत तो नियम. काहींना तो फायद्याचा, काहींच्या ऑर्डरी त्यानं गेल्या, त्यामुळं उमेदवार गुळमुळीत बोलतोय का बघायला हा प्रश्न लई चांगला.

दोन विषय पत्रकात नसतील, पण तूच काढ. पहिला अलमट्टी. कर्नाटकाला धरणाची उंची ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ करायचीय, २०१० च्या लवादानं मान्यता दिली, प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. उंची वाढली की फुगवट्याचं पाणी आपल्याकडं चढेल ही भीती, त्यामुळं २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला हा राष्ट्रीय प्रश्न आहे का नाही ते सांगायला नको. पण बेंगळुरूत कुठलाही पक्ष सत्तेवर असो, उंची वाढवाच म्हणतोय. म्हणजे तुझ्या उमेदवाराचा पक्ष कृष्णेच्या वर एक बोलतोय आणि खाली एक. राष्ट्र प्रथम म्हणणाऱ्यानं इथं काय करायचं असतं, ते मला पण त्याच्या तोंडनं ऐकायचंय.

दुसरा शक्तिपीठ महामार्ग. देवस्थानं जोडणारा रस्ता म्हणून धर्माच्या बाजूनं आकर्षक, आणि आपल्या जिल्ह्यात बागायती जमीन जाणार म्हणून शेतकऱ्यांचा विरोध. मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं तो कलम ३००अ मध्ये गेला. खाजगी मालमत्ता पवित्र मानणं हा उजव्या विचाराचा पायाच म्हण ना. मग देवासाठी रस्ता का शेतकऱ्याची जमीन? प्रकल्प राज्याचा आहे म्हणून सुटायला बघेल, सुटू देऊ नकोस, तत्त्व विचारतोय म्हणायचं.

नांदणीच्या मठातल्या हत्तिणीचं पण असंच झालं. जुलै २०२५ ला कोर्टाच्या आदेशानं तिला गुजरातला नेलं आणि अख्खा शिरोळ तालुका रस्त्यावर आला. शतकानुशतकांची परंपरा एका बाजूला, १९७२ चा वन्यजीव कायदा आणि जनावराची तब्येत दुसऱ्या बाजूला. त्या आठवड्यात सगळ्या पक्षांचे लोक एकाच सुरात बोलले. कायद्यात दुरुस्ती मागणार का, असं विचारलं असतं तर सूर किती टिकला असता, बघायला आवडलं असतं.

तू म्हणशील की पक्षापेक्षा वेगळं बोलला तर त्याला ढोंगी म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. "माझा पक्ष असं म्हणतो, पण ऊस आणि अलमट्टीवर मी माझ्या जिल्ह्याबरोबर राहणार आणि व्हिप नसेल तिथं बोलणार" असं म्हणणारा मला चालतो, त्याला त्याची जागा माहिती आहे. "वरिष्ठांशी बोलून सांगतो" हे पण मी प्रामाणिक धरतो, फक्त कधी सांगणार ते विचारून घे.

आणि हे सगळं सभेत विचारायला जाऊ नकोस, तिथं माईक त्याच्या हातात असतोय. बूथच्या बैठकीत, दूध संस्थेत, नाहीतर कुणाच्या तरी सोप्यात वीस-पंचवीस माणसं असतात तिथं विचार, आणि एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरव. आधी खासदार राहिलेला असेल तर संसदेच्या वेबसाइटवर त्याचे प्रश्न विषयवार निघतात, साखर, पूर, वस्त्रोद्योग टाकून बघ, पत्रकातलं त्यात किती आहे ते दहा मिनिटांत दिसतंय. नवीन असेल तर अर्ज भरल्यावर फॉर्म २६ चं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर येतंय, त्यात शेती किती, कारखान्याचे शेअर किती, कर्ज कुठलं ते बघ. ऊस स्वतःच्या रानात असणारा आणि कारखान्याच्या खुर्चीत बसलेला, दोघं एफआरपीवर वेगळं बोलतात.